कॅलिपर आणि काठी घेऊन चालताना: मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सांगली जिल्ह्यातली. दीड वर्षाची असताना पोलिओनं उजवा पाय मांडीपासून लुळा पडला. आठवीत पहिला कॅलिपर चढला आणि तेव्हापासून त्याच्याशिवाय घराचा उंबरा ओलांडलेला नाही. काठी मात्र पंचेचाळिशीत आली. आता ओळखीपाळखीतून फोन येतात. कुणाच्या वडिलांना अर्धांगवायू झालेला असतो, कुणाच्या मुलीच्या मणक्याचं ऑपरेशन झालेलं असतं, कुणी माझ्यासारखेच जुने पोलिओवाले असतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. मी डॉक्टर नाही. पन्नासहून जास्त वर्षं पायाला पट्टे बांधून जे कळलं आणि चांगल्या फिजिओथेरपिस्टांनी जे शिकवलं, तेवढंच इथे आहे.

कॅलिपर म्हणजे नेमकं काय? सगळ्यांना एकसारखाच लागतो का?

कॅलिपर म्हणजे कमजोर पायाला आधार द्यायला बाहेरून बांधायचा सांगाडा. सगळ्यांना एकसारखा लागत नाही. पाऊल लोंबत असेल, चालताना चवडा जमिनीला घासत असेल, तर गुडघ्याखालचा पुरतो. हल्ली तो पातळ प्लास्टिकचा असतो आणि बुटाच्या आत बसतो. अर्धांगवायू झालेल्यांना बहुधा हाच देतात. मांडीचा स्नायू गेला असेल तर गुडघा वजन पेलत नाही, मध्येच दुमडतो. त्याला मांडीपर्यंतचा, गुडघ्याशी कडी असलेला कॅलिपर लागतो. माझा तसा आहे.

लहानपणी माझ्याकडे लोखंडी सळ्या, चामड्याचे पट्टे आणि खाली टाचेत अडकवलेला काळा बूट असा जुना प्रकार होता. आताचा प्लास्टिकचा साचा पायाच्या मापाचं प्लास्टर घेऊन करतात. तो हलका असतो आणि कपड्याखाली कमी दिसतो. पण जाड मांडीच्या, पायाला सूज येणाऱ्या किंवा उन्हात काम करणाऱ्या माणसाला जुना सळ्यांचाच कधी कधी सोसतो, कारण त्यात हवा खेळते. नवं ते चांगलंच असेल असं धरून चालू नका.

कॅलिपरची सवय लागून पाय आणखी कमजोर होईल का?

हा प्रश्न बहुतेक आईवडील विचारतात. त्यामागची भीती मला कळते, कारण माझ्या वडिलांनाही ती होती. त्यांच्या मते मी 'जोर लावून' चालले असते तर पाय सुधारला असता. पोलिओत स्नायूला हुकूम देणारी मज्जारज्जूतली पेशीच मेलेली असते. हुकूम देणाराच नसेल तर जोर कोण लावणार?

कॅलिपर नसताना मी कशी चालायचे ते सांगते. पावला-पावलाला उजवा हात मांडीवर दाबून गुडघा मागे रेटायचा आणि मग डावं पाऊल टाकायचं. जुन्या पोलिओवाल्यांना ही चाल ओळखीची असेल. माझ्या शाळेच्या स्कर्टला उजव्या मांडीवर तळहाताएवढा विरलेला डाग पडायचा आणि आई दर सहा महिन्यांनी तिथे आतून ठिगळ लावायची. अशा चालीत कंबर वाकते आणि गुडघा मागच्या बाजूला धनुष्यासारखा ताणला जातो. कॅलिपरनं ते थांबतं आणि हात मोकळा होतो. आठवीत मी पहिल्यांदा एका हातात दप्तर आणि दुसऱ्या हातात छत्री घेऊन शाळेत गेले, तो दिवस मी विसरलेले नाही.

स्नायूत थोडाफार जीव असेल तर व्यायाम हवाच, तो फिजिओथेरपिस्टला विचारून करा. कॅलिपर घातला म्हणून व्यायाम बंद करायचा नसतो. दिवसभर बसून राहणाऱ्यांचे कंबरेचे आणि गुडघ्याचे सांधे वाकलेल्या स्थितीतच आखडतात, म्हणून रोज थोडा वेळ पालथं झोपा. गुडघा एकदा आखडला की कॅलिपर नीट बसतच नाही.

नवा कॅलिपर पहिल्या दिवशी किती वेळ घालायचा?

पहिल्या दिवशी तासभर, तोही घरातच. मग काढून कातडी बघा. लाल खुणा दिसतीलच. वीस-तीस मिनिटांत त्या मावळल्या तर ठीक. मावळल्या नाहीत, फोड आला किंवा ठरावीक हाडावरच लाली दिसली, तर कॅलिपर परत घेऊन जायचा. रोज थोडा थोडा वेळ वाढवत गेलात की साधारण दोन आठवड्यांत अंगवळणी पडतो.

इथे मी स्वतः चूक केली आहे. माझा पहिला प्लास्टिकचा कॅलिपर गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला, हाडाच्या टोकावर रुतायचा. 'नवा आहे, बसेल हळूहळू' असं बनवणाऱ्यानं सांगितलं आणि मी संकोचानं तीन आठवडे सहन केलं. जखम चिघळली. नंतर दुसऱ्या ठिकाणी दाखवलं तर त्यांनी तेवढाच भाग गरम हवेनं मऊ करून बाहेर ढकलला. काम दहा मिनिटांचं होतं. टोचत असेल तर चूक मापात असते, तुमच्या सोसण्यात नाही. दुरुस्ती मागायला लाजू नका.

मधुमेह, कुष्ठरोग किंवा मणक्याची दुखापत असलेल्यांनी जास्तच सावध राहावं. पोलिओत संवेदना शाबूत असते, त्यामुळे आम्हाला दुखतं तरी. ज्यांना दुखतच नाही त्यांनी रोज रात्री आरसा धरून तळव्यापासून मांडीपर्यंत बघितलंच पाहिजे. आत सुती, शिवण नसलेला लांब मोजा घाला. मोज्याची एक चुणीसुद्धा संध्याकाळपर्यंत फोड आणते.

काठी कुठल्या हातात धरायची?

अधू पायाच्या विरुद्ध हातात. उजवा पाय अधू असेल तर काठी डाव्या हातात. दहातले निम्मे लोक मला उलटी धरलेले दिसतात, आणि त्यांचं कारण ऐकायला पटतंही: 'ज्या बाजूला दुखतं त्याच बाजूला आधार नको का?'

एकदा उभं राहून बघा. अधू पायावर भार आला की कंबर दुसऱ्या बाजूला खाली झुकते. ती सावरण्यासाठी अधू बाजूच्या खुब्याच्या स्नायूंना जीव तोडून ओढावं लागतं. काठी विरुद्ध हातात असली की झुकणाऱ्या बाजूलाच खालून टेकू मिळतो आणि तो खुब्यापासून लांब असल्यानं थोड्या जोरात मोठं काम होतं. काठी आणि अधू पाय एकाच वेळी पुढे टाकायचे, मग चांगला पाय. काठी फार पुढे टाकू नका, पावलाच्या शेजारीच राहू द्या.

काठीवर शरीराच्या वजनाचा फार तर चौथा हिस्सा टाकता येतो. त्याहून जास्त टाकावा लागत असेल, मनगट दुखत असेल, तर कोपरापर्यंतची कुबडी घ्या. चार पायांची काठी अर्धांगवायूनंतर सुरुवातीला बरी, कारण ती स्वतःच्या पायावर उभी राहते. पण उतारावर आणि अरुंद जिन्यावर ती डुगडुगते.

काठीची उंची किती असावी?

नेहमीचे बूट घालून सरळ उभे राहा, हात मोकळे सोडा आणि दुसऱ्या कुणाला माप घ्यायला सांगा. काठीची मूठ मनगटाच्या घडीशी यायला हवी. मूठ धरल्यावर कोपर किंचित वाकलेलं राहतं. आजोबांची काठी नातवाला चालत नाही ती याच कारणानं. उंच काठीनं खांदा वर चढतो, बुटकीनं पाठ वाकते.

खालचा रबर विसरू नका. काठी उलटी करून बघा, त्यावर गोल गोल रेघा असतात. एका बाजूच्या रेघा पुसून गुळगुळीत झाल्या की रबर बदलायचा. मी दर महिन्याच्या एक तारखेला बघते. काठीपेक्षा रबर खूप स्वस्त असतो.

गुडघ्याची कडी नीट लागली हे कसं ओळखायचं?

कानानं आणि अंगठ्यानं. उभं राहून पाय सरळ केला की दोन्ही बाजूच्या कड्या 'टक' करून खाली सरकतात. आवाज ऐका आणि दोन्हीकडे अंगठ्यानं दाबून खात्री करा. बसताना त्याच कड्या वर ओढल्या की गुडघा वाकतो.

काही वर्षांपूर्वी एका कार्यालयात रांगेत माझा नंबर पुकारला म्हणून मी घाईनं उठले. परकराची कड बाहेरच्या बाजूच्या कडीखाली अडकली होती, त्यामुळे ती लागलीच नव्हती. दुसऱ्याच पावलाला गुडघा घडी घातल्यासारखा मिटला आणि मी सगळ्यांसमोर आडवी झाले. कपाळाला चार टाके पडले. तेव्हापासून नंबर पुकारो नाहीतर गाडी सुटो, मी आधी दोन्ही कड्या दाबते. लोक थांबतात. खरंच थांबतात.

बुटाची उंची आणि पायाची लांबी यांचं काय?

पोलिओचा पाय लहानपणापासून कमी वाढतो, म्हणून बुटाला तळाची उंची द्यावी लागते. पण दोन्ही पाय तंतोतंत सारखे करायला सांगू नका. कडी लावलेला पाय वाकत नाही. तो साधारण एक सेंटीमीटर आखूडच असला तर पुढे येताना जमिनीला न अडखळता सुटतो. दोन्ही पावलांची मापंही वेगळी असतात. माझं डावं पाऊल सहा नंबरचं, उजवं चार. आयुष्यभर बुटांचे दोन दोन जोड घेत आले. माझ्या उलट मापाची एक मैत्रीण मला चाळिशीत भेटली, तेव्हापासून आम्ही खरेदी एकत्र करतो.

जिना कसा चढायचा-उतरायचा?

चढताना चांगला आधी, उतरताना अधू आधी. चढताना चांगला पाय वरच्या पायरीवर, मग अधू पाय आणि काठी. उतरताना काठी आणि अधू पाय खाली, मग चांगला. कठडा असेल तर तो सोडू नका, त्यासाठी काठी दुसऱ्या हातात गेली तरी चालेल. एसटीची पहिली पायरी उंच असते. कंडक्टरला आधी सांगा, काठी वर ठेवा आणि दोन्ही हातांनी दांड्या धरा.

पावसाळ्यात काय करायचं?

जून ते सप्टेंबर हा आमचा कसोटीचा काळ. डांबरी रस्ता ओला असला तरी काठी धरतो. धोका शेवाळलेल्या शहाबादी फरशीचा, दुकानांच्या दारातल्या चकचकीत टाइल्सचा आणि गटारावरच्या लोखंडी झाकणांचा असतो. काठी तिरकी न टेकवता उभी टेकवा, पावलं आखूड टाका. दुकानात किंवा घरात शिरल्याबरोबर रबर पायपुसण्यावर पुसून घ्या. छत्रीपेक्षा रेनकोट बरा, एक हात काठीला आणि एक पडलो तर सावरायला राहतो.

घरी आल्यावर कॅलिपर कोरड्या फडक्यानं पुसा. चामडं सावलीतच वाळवा, उन्हात किंवा चुलीजवळ ते कडक होऊन तडकतं. सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. पट्ट्यांच्या चिकटपट्टीत (व्हेल्क्रोत) धागे-केस अडकले की पकड सुटते, ते जुन्या टूथब्रशनं काढता येतात.

बाथरूमचं वेगळं सांगते. तिथे अंगावर कॅलिपर नसतो आणि ओल्या फरशीवर काठी टिकत नाही. भिंतीत घट्ट बसवलेली दांडी, बसून आंघोळ करायला स्टूल आणि कमोड या तीन गोष्टींवर खर्च करताना विचार करू नका. नक्षीदार काठी नंतर घ्या.

देवळात, कुणाच्या घरी बूट काढायची वेळ आली तर?

हा प्रश्न विचारताना लोक आवाज खाली करतात. बूट काढून नुसत्या प्लास्टिकच्या साच्यावर चालू नका. एक तर तो घसरतो. दुसरं म्हणजे कॅलिपर बुटाच्या टाचेची उंची धरून जुळवलेला असतो. बूट काढला की नडगी मागे कलते आणि तोल जातो. मी कापडी बुटांचा एक स्वच्छ जोड पिशवीत ठेवते, तो रस्त्यावर कधीच वापरत नाही. दारातल्या पायरीवर बसून बदलते. काठीचा रबर ओल्या फडक्यानं पुसते. बहुतेक ठिकाणी एवढ्यावर कुणी हरकत घेत नाही. हरकत घेतलीच तर मी बाहेरून नमस्कार करते आणि माझ्या मनात काही राहत नाही. पण तुमच्या मनात राहत असेल तर बोला. गावच्या देवळात आमच्या एका मित्रानं पंचांशी शांतपणे बोलून काठीवाल्यांसाठी गाभाऱ्यापर्यंत जाड पट्टा अंथरून घेतला.

पंगतीत खाली बसता येत नसेल तर कुणी विचारायची वाट न बघता खुर्ची मागून घ्या.

पडलो तर उठायचं कसं? आणि मदत करणाऱ्यानं काय करावं?

लगेच उठू नका. आधी कुठे लागलंय ते बघा. मग पालथं व्हा, चांगला गुडघा पोटाखाली घ्या, कॅलिपरचा पाय सरळ मागे राहू द्या आणि खुर्ची, कट्टा काहीतरी धरून चांगल्या पायावर उठा. घरात गादीवर सराव करून ठेवा, रस्त्यात पहिल्यांदाच प्रयोग नको.

बघणाऱ्यांना एकच विनंती. काखेत हात घालून ओढू नका, काठी धरून ओढू नका. 'काय करू?' असं विचारा. बहुतेक वेळा आम्हाला फक्त एक खुर्ची आणि दोन मिनिटं हवी असतात.

आता पोलिओ संपला. मग कॅलिपर कोण वापरतं?

भारतातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधल्या हावड्यात सापडला आणि २७ मार्च २०१४ रोजी देशाला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. त्या दिवशी मी टीव्हीसमोर बसून रडले. पण आम्ही आहोतच, आणि अजून बरीच वर्षं असू. शिवाय अपघात, अर्धांगवायू, मणक्याचे आजार, सेरेब्रल पाल्सी असलेली मुलं यांनाही कॅलिपर लागतो. काळजी एवढीच की चामड्याचं काम जाणणारे जुने मेस्त्री थकत चालले आहेत. माझ्या ओळखीच्या दोघांनी काम थांबवलं. तुमच्या भागात असा माणूस असेल तर एखादा जादा पट्टा शिवून ठेवा.

मला लहानपणी पोलिओ झाला होता. पन्नाशीनंतर ताकद कमी होतेय, पाय गळून जातात. पोलिओ परत आला का?

परत आलेला नाही. याला पोस्ट-पोलिओ सिंड्रोम म्हणतात. आजारात काही मज्जापेशी मेल्या, तेव्हा उरलेल्या पेशींनी शेजारच्या अनाथ स्नायूतंतूंना आपले फाटे दिले. एका कर्त्या माणसानं तीन घरं सांभाळावीत तसं. तीस-चाळीस वर्षं त्यानं ते निभावलं, आता तो दमला. म्हणून नवी अशक्तता, दुखणं, थंडी सहन न होणं, दुपारपर्यंतच अंगातलं त्राण जाणं असं सुरू होतं. त्याची एकच अशी तपासणी नाही. थायरॉइड, रक्त कमी असणं, झोपेतला श्वासाचा त्रास अशी इतर कारणं डॉक्टरांना आधी तपासू द्या.

मला हे समजलं तेव्हा मी जास्त व्यायाम करायला लागले, कारण लहानपणापासून तेच शिकवलं होतं: जिद्द सोडू नकोस. सहा महिन्यांत डावा, म्हणजे चांगला पायही थरथरायला लागला. फिजिओथेरपिस्टबाईंनी मला बसवून विचारलं, 'तुमच्याकडे दिवसाची हजार पावलं आहेत असं धरा. कशावर खर्च कराल?' त्या प्रश्नानं माझं आयुष्य बदललं. भाजी मी आता फोनवरून मागवते. ती वाचलेली पावलं संध्याकाळी नातीबरोबर बागेत खर्च करते. काठी मी घेतली ती तेव्हा.

व्हीलचेअर वापरली म्हणजे हार मानली असं होत नाही का?

या प्रश्नावर मला एका माणसाबद्दल सांगायचंय. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे पाय १९२१ साली, वयाच्या ३९ व्या वर्षी गेले, निदान पोलिओचं झालं. १९२४ मध्ये ते पक्षाच्या अधिवेशनात कुबड्यांवर आले. १९२८ साली ह्यूस्टनच्या अधिवेशनात मात्र कुबड्या नव्हत्या: दोन्ही पायांना कड्या लावलेले कॅलिपर, एका हातात काठी, दुसरा हात एलियट या मुलाच्या दंडात रुतवलेला. लोकांना चालणारा माणूस दिसला. ती काही पावलं टाकायला किती घाम गाळावा लागतो हे आम्हाला कळतं. एरवी ते घरात आणि कचेरीत व्हीलचेअरच वापरत, फक्त ती लोकांना फारशी दिसू देत नसत.

आणि १ मार्च १९४५ रोजी, दुसऱ्या महायुद्धातल्या याल्टा परिषदेहून परतल्यावर, ते अमेरिकेच्या संसदेसमोर बसूनच बोलले. पायांवर दहा पौंड पोलाद वागवावं लागत नाही म्हणून बसणं सोपं जातं, असं त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं. त्यानंतर सहा आठवड्यांत ते गेले. ते उघडपणे बोलायला एवढी वर्षं लागावीत याचं मला फार वाईट वाटतं. तुम्ही एवढं थांबू नका. मी विमानतळावर, मोठ्या रुग्णालयात, लग्नाच्या लांबलचक हॉलमध्ये व्हीलचेअर मागते. घरात, गल्लीत, बागेत चालते.

प्रमाणपत्र, सवलती आणि कॅलिपरचा खर्च?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचं अपंगत्व मानलं आहे, बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के लागतं. यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, ऑनलाइन अर्ज करून जिल्हा रुग्णालयात तपासणीला जावं लागतं. एसटीच्या भाड्यात आणि रेल्वेत सवलत आहे, मुंबईच्या लोकलमध्ये वेगळा डबा आहे. ग्रामपंचायतीनं आणि नगरपालिकेनं स्वउत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. ग्रामसभेत उभं राहून त्याचा हिशोब विचारा, उभं राहता येत नसेल तर बसून विचारा.

कॅलिपरसाठी मुंबईत हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वास संस्था आहे, १९५५ पासूनची. केंद्र सरकारच्या एडिप योजनेखाली शिबिरांत कानपूरच्या ॲलिम्को कंपनीची साधनं मिळतात. एकदा मिळालं की तेच साधन पुन्हा तीन वर्षांनी, बारा वर्षांखालच्या मुलांना वर्षानं. मुलांची हाडं भराभर वाढतात, म्हणून गुडघ्याचा सांधा आणि कॅलिपरची कडी एका रेषेत आहेत का हे दर तीन-चार महिन्यांनी बघत जा. शिबिरात माप घेऊन गेले आणि घालून न बघताच कॅलिपर हातात दिला, असं होऊ देऊ नका. चार पावलं चालून दाखवल्याशिवाय सही करू नका.

रात्री कॅलिपर कुठे ठेवायचा?

पलंगाच्या ज्या बाजूनं उतरता त्या बाजूला, झोपल्या झोपल्या हात पोचेल असा. पट्टे सोडलेले, कड्या वर ओढलेल्या, बूट त्यातच, मोजा बुटाच्या तोंडावर. काठी उशाकडच्या खिळ्याला अडकवा, जमिनीवर आडवी ठेवू नका. आणि दिव्याचं बटण अंथरुणातून लागेल अशा जागी बसवून घ्या.